दोन स्टारवाले काका

—नाही नाही काका, तुम्ही खा ना, वडा गार होईल. मी कंपनीकडून वगैरे नाही आले, खरंच. माझ्याकडे बघून कुणाला तसं वाटेल तरी का? आणि तुम्ही लिहिलंय ते पुसून टाका म्हणून सांगायला तर मुळीच आले नाही — उलट आहे सगळं, अगदी उलट — मी बसू का इथे? या टोकाला बसते. हे बाकडं हलतंय का हो? नाही, मीच हलतेय. असू दे.

तुम्हीच ना पण ते? हिंदुराव — हो, नाव तेच होतं, इंग्रजीत, सगळं जोडून लिहिलेलं, पुढे मोरिवली. आणि फोटो होता. फोटोत तुमची सायकल या टपरीच्या खांबाला टेकवलेली, मागे ही जाडजूड पाण्याची पाइपलाइन, आणि तिच्यावर चुन्यानं लिहिलेलं 'येथे कपडे धुऊ नये'. त्यावरून ओळखलं मी. आमचे पप्पा पूर्वी इथे जांभूळला पाणीपुरवठ्याच्या कामावर होते, ठेकेदाराकडे, लहानपणी डबा द्यायला यायचो आम्ही, मी आईचा पदर धरून. म्हणजे बघा, त्या ऑनलाइन खरेदीच्या साइटवर अख्ख्या देशातली माणसं लिहितात — कोइमतूर काय, डेहराडून काय — आणि मला हवा तो माणूस निघाला आमच्याच नळाच्या उगमापाशी! मघाशी या मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, ते काय, दर शनिवारी सायकलवरून येतात, दोन वडे खातात आणि — आई गं! — काही नाही, काही नाही. वडा सोडला त्यांनी तेलात. अचानक आवाज झाला की मला होतं असं. तुम्ही खा.

तर तो फोर्क. तुमच्या सायकलचा पुढचा. मला आधी फोर्क म्हणजे जेवायचा काटा एवढंच माहीत होतं, आता विचारा काहीही — हँडलपासून खाली चाकाला धरून ठेवणारे ते दोन पाय, आत स्प्रिंगऐवजी हवा, खड्डा आला की तो बसतो आणि परत उठतो, हादरा हाताला लागत नाही. आणि हा तर सगळ्यात हलका, जाहिरातीत एक माणूस दोन बोटांवर उचलून दाखवतो. अजून तोच आहे ना तुमच्या सायकलला? मी आल्या आल्या बघितलं. तोच आहे. म्हटलं, बिचाऱ्यांना काढून टाकायला वेळ मिळाला नसेल.

मी ना, सगळी मतं वाचलीत. सगळी म्हणजे सगळीच. रायडर लोकांनी या फोर्कबद्दल लिहिलेलं आता जवळजवळ पाठ आहे मला. कोणी म्हणतं लोणी आहे लोणी. कोणी म्हणतं चढाला सायकल स्वतःच वर जाते, मी नुसता सोबतीला. एकानं लिहिलंय, डिलिव्हरी वेळेत मिळाली, अजून लावला नाही, पाच स्टार! मग कसले पाच स्टार दिले या माणसानं? खोक्याला? नाशिकची एक बाई आहे, ती लिहिते, नवरा रोज सायकल उचलून तिसऱ्या मजल्यावर आणतो, पूर्वी चिडचिड करायचा, हा फोर्क बसवल्यापासून घरात शांतता आहे. आता हे काय फोर्कचं मत झालं? पण मी तेही वाचलं. मी कुठलीही वस्तू असली ना की आधी एक स्टारवाले वाचते. मिक्सर असो, चप्पल असो. चांगलं बोलणारे सगळे सारखंच बोलतात हो, वाईट बोलणारा प्रत्येक जण वेगळा असतो, त्याच्यावर काहीतरी बेतलेलं असतं. पण या फोर्कला एक स्टारवालेसुद्धा कामाचे नाहीत — खोकं चेपलं होतं, पांढरा मागवला काळा आला, फोन उचलत नाहीत. चालवून बघितल्यावर वाईट आहे असं लिहिणारं माणूस एकच. तुम्ही. दोन स्टार. 'वजनाला हलका आहे पण उताराला हात थरथरतात. विश्वास बसत नाही.' वाचल्याबरोबर असं वाटलं काका — की चला, कोणीतरी आहे.

मी नाही चालवत, नाही! मला सायकल कुठली यायला. माझी बहीण. यशोधरा. यशो म्हणतो आम्ही. माझ्याहून पाच वर्षांनी लहान, पण तुम्ही आम्हाला शेजारी उभं केलंत तर तिलाच मोठी म्हणाल. डोंगरातल्या शर्यती करते ती, त्या जाड टायरच्या सायकलीवर — दगड, मुळं, ओढे, जिथून आपण चालतसुद्धा जाणार नाही तिथून ही खाली येते. अंबरनाथ पश्चिमेला राहतो आम्ही. गेल्या साली राज्य स्पर्धेत चौथी आली. पुढे तिघींनाच घेतात. चढाला मागे पडली, का, तर तिचा जुना फोर्क म्हणजे वरवंटा. कैलास सर, तिला शिकवतात ते, त्यांनी स्पष्ट सांगितलं की पोरीच्या पायात कमी नाही, लोखंडात जास्त आहे.

मग जयंती आली. आमच्या वसाहतीत जयंतीला मंडळ गुणवंतांचा सत्कार करतं, विहारासमोर स्टेज बांधून. दरवर्षी ठरलेलं — गुलाबाचं फूल आणि भिंतीवरचं घड्याळ. आमच्याच घरात माझ्या बीकॉमचं एक आहे, एमकॉमचं एक आहे, यशोची तर विचारूच नका, प्रत्येक घड्याळ वेगळी वेळ दाखवतं. तर या वर्षी अण्णा म्हणाले — अण्णा म्हणजे मंडळाचे अध्यक्ष — 'अरे, वेळ बघायला खूप दिलं पोरीला, आता वेळ कमी करायला काहीतरी द्या!' आणि सगळ्या वसाहतीनं वर्गणी काढून हा फोर्क आणला. हसू नका, खरंच. स्टेजवर दिला. निळ्या कागदात गुंडाळून. यशोनं कागद फाडला आणि दोन्ही हातांनी डोक्यावर धरला, खालून टाळ्या, शिट्ट्या, तेवढ्यात कोणीतरी फटाक्यांची माळ लावली, मी कुठे होते? मी स्टेजच्या मागे, कानात बोटं घालून. आमच्या विठा आजी पुढे येऊन म्हणतात, 'हे काय गं, नळाचा पाइप दिला व्हय?' मग त्यांनी हातात घेतला. वर-खाली करून बघितला. म्हणाल्या, 'एवढं मोठं आणि एवढं हलकं? आतनं पोकळ दिसतंय.' सगळी वसाहत हसली. मी नाही हसले काका. त्यांचा तो 'पोकळ' तेव्हापासून माझ्या कानात बसलाय.

तर सांगायचं हे की नको म्हणायची सोय नाही. त्या फोर्कवर मंडळाच्या नावाचं स्टिकर आहे. प्रत्येक घराचा वाटा आहे त्यात, येता-जाता बायका विचारतात, 'आमचा फोर्क कसा चाललाय?' आणि मी बोलायला गेले की झालंच — 'मैत्रेयीला कुकरच्या शिट्टीचीपण भीती वाटते, तिचं काय ऐकता.' तेही खरंय. वाटते. शिट्टी व्हायच्या आधी वाटते, झाल्यावर बरं वाटतं, मग पुढच्या शिट्टीची वाटते. आई म्हणते, तू कुकर लावायच्या वेळी गॅलरीत जात जा. जाते मी. पण म्हणून काय माझी प्रत्येक भीती खोटीच असेल असं थोडंच आहे? एखाद वेळी भित्र्या माणसाचंही खरं निघेल की नाही? म्हणून म्हटलं, तुम्ही सांगा. तुम्ही रायडर आहात, वयस्क आहात, वर्षभर चालवलाय. मी फोन लावून देते, तुम्ही तिला फक्त जे लिहिलंय तेच सांगा. उताराला हात थरथरतात. विश्वास बसत नाही. एवढंच. जास्त काही नको. की बाई, तुझा जुना फोर्क परत लाव. उद्या सकाळी ट्रायल आहे तिची, कोंडेश्वरच्या बाजूला, डोंगरात, अजून आजचा दिवस हातात आहे. लावू का फोन?

काय?

—पंक्चरवाल्याकडे?

थांबा थांबा, मला नीट कळू दे. म्हणजे तुम्ही फोर्कमध्ये पंक्चरवाल्याकडून हवा भरून घेतलीत? त्याच्या त्या कॉम्प्रेसरनं? ट्रकच्या चाकात भरतो त्या? आणि तो काय म्हणाला — 'काका, टनाटन करून देतो'? अहो पण काका, त्याला वेगळा पंप असतो! छोटा, हातातला, त्याला काटा असतो, आपल्या वजनाप्रमाणे मोजून भरायची असते, मीसुद्धा सांगेन, मी, जिला सायकल येत नाही — काय? पंप खोक्यातच होता? मग? पुतण्याला देऊन टाकलात? फुटबॉलचा वाटला म्हणून!

म्हणजे तो आतून दगड झाला होता. बसतच नव्हता. म्हणून हात थरथरत होते.

आणि मग? ... हं. ... हं. मग पुतण्यानं फुटबॉल फोडल्यावर पंप परत आला, तेव्हा हवा बरोबर भरलीत. आणि आता? ... लोणी. तुम्हीपण लोणीच म्हणताय. ... उतारालासुद्धा? ... मलंगगडाच्या बाजूनंसुद्धा?

मग ते बदलायला नको का काका! असं कसं राहून गेलं? राहून जायची गोष्ट आहे का ही? माणसं वाचतात ते! माणसं विसंबून असतात त्याच्यावर! तुम्ही दोन स्टार देऊन वडे खात बसलात इकडे आणि तिकडे एखादीनं — नाही, सॉरी. सॉरी काका. तुम्हाला कशाला बोलू मी. तुमचा काय संबंध. तुम्ही कुठे म्हणाला होतात की माझ्यावर विसंब.

दाबून बघू? मी? नको, पडली सायकल तर — बरं. बरं, तुम्ही धरा पण. हँडलवर दोन्ही हात, हं, आणि जोर — अगं बाई. हा तर खाली गेला. आणि आला वर आपोआप. आवाजसुद्धा नाही. परत करू? ... किती मऊ आहे हो. मला वाटलं होतं खटका बसेल.

असं काय बघताय तुम्ही माझ्याकडे? आनंद झालाय मला. झालाय ना. बहिणीला दिलेली वस्तू चांगली निघाली तर वाईट का वाटेल कोणाला? हे कपाळावरचं म्हणजे घाम आहे, इथे भट्टीसमोर बसलेय म्हणून. आनंदच झालाय.

हो, ट्रायल कसली ते सांगायचंच राहिलं. पुण्याची. तिथे कॅम्प आहे, राहायचं, खायचं, शिकायचं सगळं तिथेच, दोन वर्षं. पहिल्या तिघींत आली की गेली. कैलास सर म्हणतात, या फोर्कवर ती येतेच, आणि जुन्या फोर्कवर परत चौथी, लिहून घ्या. ... नाही, मी काय म्हणू, जाऊ दे की. जायलाच पाहिजे. मी स्वतःच तिला म्हटलं. फॉर्म भरायच्या आधी आली माझ्याकडे, दारात उभी राहिली, आत येईना. 'ताई, मी गेले तर चालेल ना?' मी म्हटलं, वेडी आहेस का, चालेल ना म्हणजे काय, धावेल! असंच म्हटलं, हसून. आणि ती गेल्यावर फोन काढला आणि एक स्टारवाले वाचत बसले.

तसं नाही काका. तुम्हाला वाटतंय तसं नाही. मला खरंच तिची काळजी होती. उतार असतो, दगड असतात, आणि एवढं हलकं ते — होतीच काळजी. त्याच्या आत अजून काही असेल तर ते मला कसं दिसणार? मी काय स्वतःला दाबून बघू शकते?

मी नोकरी करते उल्हासनगरला. जीन्सचं काम आहे आमच्या सेठचं, मी अकाउंट्स बघते. अंबरनाथहून शेअर रिक्षा. आता ही काय मोठी गोष्ट आहे, शाळेतल्या पोरी जातात. मी जाते आणि रिक्षाच्या मागे यशो येते. सायकलवर. रोज. दीड वर्ष झालं असेल. सिग्नलला रिक्षा थांबली की ती येऊन टपावर बोटांनी टकटक करते, म्हणजे मला कळतं की आहे मागे. मग मी श्वास घेते. उल्हासनगरला उतरले की माझा दंड धरून मला रस्ता ओलांडून देते, दुकानाच्या पायरीवर सोडते आणि जाते परत. संध्याकाळी पुन्हा. सेठ म्हणतात, 'मैत्रेयी, तेरी बॉडीगार्ड आ गई, जा.' कैलास सरांना वाटतं ती सकाळ-संध्याकाळ स्पीडची प्रॅक्टिस करते. सगळ्यांना सांगतात, बघा, काय जिद्द आहे पोरीची, ट्रॅफिकमध्येसुद्धा रोज! ती माझ्या रिक्षामागे धावत असते, काका.

नाही, काही झालं नव्हतं. सगळे तेच विचारतात — काय झालं होतं गं, कोणी काही बोललं का, कोणी हात लावला का, अॅक्सिडेंट बघितलास का? काही झालं असतं तर बरं झालं असतं असं वाटतं कधी कधी. सांगायला तरी असतं. एक दिवस उल्हासनगरला पुलाखाली रस्ता ओलांडायला उभी राहिले आणि पाय उचललाच नाही. एवढंच. माणसं डावीकडून गेली, उजवीकडून गेली, एक बाई 'चलो ना मॅडम' म्हणून ढकलून गेली. मी उभीच. मग यशोला फोन केला. ती आली सायकलवरून, काही विचारलं नाही, नुसता दंड धरला. त्या दिवशी तिनं धरला तो धरलाच. तिनं कधी तोंड वाकडं केलं नाही हो. तेच तर वाईट आहे. एकदा जरी म्हणाली असती की ताई, कंटाळा आला मला तुझा —

डॉक्टरकडे? गेलो होतो. चांगल्या होत्या बाई. म्हणाल्या, थोडं थोडं एकटीनं जायचा सराव कर, आज कोपऱ्यापर्यंत, उद्या मेडिकलपर्यंत. यशोनंच करून घेतला तो सराव. मी कोपऱ्यापर्यंत जायचे आणि ती गॅलरीतून हात दाखवायची. आता तुम्हीच सांगा, तो एकटीचा सराव झाला का?

हो. आज एकटीच आलेय. ... नाही, त्यात कौतुक कसलं. आज तिला सरांनी सांगितलंय पाय हलवायचा नाही, ट्रायलच्या आदल्या दिवशी पूर्ण आराम, खाटेवर पाय उंचावर ठेवून पडून राहायचं. तर मी तिला खोटंच सांगितलं की आज रिक्षात शेजारच्या काकू आहेत बरोबर. आणि उल्हासनगरच्या रिक्षात बसायच्या ऐवजी इकडच्या रिक्षात बसले. डोळे मिटून आले, समोरचा दांडा धरून. हे बघा, हाताला अजून गंजाचा वास येतोय. त्या रिक्षावाल्या भाऊंनी विचारलं, 'ताई, उलटी-बिलटी होतेय काय?' मी म्हटलं नाही, तुम्ही चालवा. ... मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार आहात. की बघ, आलीस ना. आले, पण ती यशोसाठी — म्हणजे यशोला थांबवायला — म्हणजे — शी. मला आता माझंच बोलणं ऐकवत नाहीये. म्हणजे तिला अडवायचं असलं तर मी एकटी जांभूळला येऊ शकते, आणि तिला सोडायचं असलं तर मला रस्ता ओलांडता येत नाही. हे असं आहे का? तुम्ही सांगा. तुम्ही एवढे मोठे आहात. असं असतं का कोणाचं?

—आई गं! फोन. माझाच आहे. यशोचा. घेऊ? ... नको, वाजू दे. ... थांबतच नाहीये. तुम्ही घेता का? नको, नको, असू दे, मीच —

हं यशो. ... हो गं, ऑफिसलाच. ... कसला आवाज? मशीनचा असेल. ... सेठचा? सेठचा फोन आला होता घरी? ... हं. ... ओरडू नकोस ना. ... जांभूळला. जांभूळला आहे, त्या पाइपलाइनच्या टपरीवर. ... एकटीच. काकू नव्हत्या. ... नाही, काही झालं नाही. एका काकांना भेटायला. ते तो फोर्क वापरतात. ... हो, आपलाच तो. ... काय म्हणाले? ... चांगला आहे म्हणाले. यशो, खूप चांगला आहे. उतारालापण. मी स्वतः दाबून बघितला. फक्त पंक्चरवाल्याकडे जाऊ नकोस, हवा पंपानंच भर. ... हो. ... रडत नाहीये. ... नाही, नको. नको येऊस! सरांनी सांगितलंय ना आज पाय — मी येते ना. रिक्षा आहेत इथे. ... घाबरले नाहीये, माझा आवाजच असा आहे. ... उभीच आहे, बसलेच नाही, म्हणजे बसलेय. ... नको ना यशो, उद्या ट्रायल आहे तुझी, मी येते रिक्षानं, दहा-पंधरा मिनिटांचं तर — ... हो, परत एकटीच. ... हं. डोळे मिटून. ... यशो, ऐक ना, मी — ... मी —

... बरं.

बरं. बसते इथेच.

येतेय ती. नाही काका, म्हटलं होतं मी. तुम्ही ऐकलंत ना, किती वेळा म्हटलं नको म्हणून. मग ती म्हणाली, 'ताई, तू हलू नकोस, मी आलेच,' आणि माझ्या तोंडातून — मी नाही बोलले ते, आपोआप आलं. पाइपलाइनच्या बाजूनं कच्च्या रस्त्यानं येणार, डांबरी रस्त्यानं वेळ लागतो म्हणते. तो रस्ता तुम्हाला माहीत असेल. सगळे दगड आहेत तिथे. येईल जोरात, मला माहीत आहे तिला, मी बसलेय म्हटल्यावर ती पायात जीव ठेवणार नाही. आणि मग मला रिक्षात बसवून मागे मागे परत अंबरनाथपर्यंत. आणि उद्या सकाळी डोंगर. ... नाही, आता फोन करून उपयोग नाही, चालवताना ती घेत नाही. आणि केला तरी मी काय बोलणार? तेच बोलेन मी.

काय भाऊ? ... अंबरनाथ? ... एक सीट? ... हो, मला जायचंच होतं, म्हणजे — पुढची आहे की मागची? मागे. दोन बायका आहेत, हो, दिसल्या. ... नाही, थांबू नका. नाही, खरंच. तुम्ही जा.

तुम्हीपण जा ना काका. ऊन वाढतंय, मोरिवलीपर्यंत जायचंय तुम्हाला. मी ठीक आहे. असं बघू नका फक्त. जा तुम्ही. येईलच ती.